जुन्या ट्रेलरमध्ये लॅमिनेट घालताय? आधी खालचा प्लाय बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की गाडीमागे ओढायचा तुमचा राहता ट्रेलर आतून साधारण १२ बाय ६ फूट आहे, यावलच्या बाजूला केळीच्या बागेत उभा आहे, आणि जमिनीवरच्या जुन्या विनाइलवरच लॅमिनेटच्या फळ्या टाकून याच मे महिन्यात काम उरकायचंय. माझं कळकळीचं सांगणं आहे, विनाइल उचलून खालचा प्लाय पाहिल्याशिवाय एकही फळी टाकू नका.

जुना ट्रेलर वरून कितीही धड दिसला तरी छताचा जोड, खिडकीचं रबर आणि दाराची चौकट यांतून पाणी झिरपतंच. ते भिंतीच्या आतून उतरतं आणि जमिनीच्या कडेला मुरतं. त्यामुळे प्लाय मधोमध ठणठणीत आणि कडेला कुजलेला असतो. पेचकस घ्या आणि दारापाशी, खिडक्यांखाली, चाकाच्या कमानीभोवती टोचत जा. चांगला प्लाय टक्क आवाज करून अडवतो. कुजक्यात पेचकस पिकल्या केळात जावा तसा आत जातो.

विनाइल खूप जुनं असेल तर त्यात किंवा खालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची खात्री होईपर्यंत खरवडू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

मग गळती शोधा. एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. पाणी खालून वर नेत जा, म्हणजे नेमकी कुठली जागा गळते ते कळतं. ती बंद झाल्यावरच कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, उघड्या चॅसिसला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग मारा आणि तेवढ्याच जाडीचा मरीन प्लाय बसवा. शिक्का आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, बघून घ्या.

आता मे महिन्याचं. भुसावळला मी एका जुन्या गाडीत एप्रिलअखेरीस लॅमिनेट टाकलं होतं. मालकाला कडेची फट नजरेला नको होती, म्हणून फळ्या भिंतीला भिडवल्या. जुलैत बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर मधल्या दोन रांगा तंबूसारख्या उठलेल्या, पाय ठेवला की खाली बसायच्या आणि सोडला की वर. लॅमिनेटचं पोट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ ला टेकलेला आणि हवा कोरडी ठाक, तेव्हा तो आकसतो. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भिंत अडवते म्हणून वर उठतो. कडा चारही बाजूंनी १० मिलिमीटर कापल्या, तेव्हा कुठे ती जमीन हळूहळू बसली. चूक माझीच होती, मालकाला तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं.

म्हणून मे महिन्यात टाकणार असाल तर चारही बाजूंना पूर्ण १० मिलिमीटर जागा सोडा. फळी आणि भिंतीच्या मध्ये पाचरी ठोकूनच काम करा आणि शेवटी काढायला विसरू नका. चाकाची कमान, टेबलाचा पाय, पाण्याचा पाइप, सगळ्यांभोवती तीच जागा. स्कर्टिंगची पट्टी भिंतीला ठोका, फळीला नाही. कपाटं आणि पलंगाचे सांगाडे आधी थेट प्लायला स्क्रूने आवळा आणि लॅमिनेट त्यांच्यापर्यंतच आणा. फळीतून स्क्रू गेला की ती तिथे खिळली, मग फुगायला आणि सरकायला वाव उरत नाही. फळ्यांची खोकी न फोडता ४८ तास ट्रेलरमध्येच आडवी ठेवा. तेवढे दिवस ट्रेलर सावलीत आणि खिडक्या उघड्या हव्यात.

जाडी ८ मिलिमीटरची घ्या. तुमच्या ७२ चौरस फुटांना तिचं वजन ४५ ते ५० किलो भरतं. १२ ची घेतली तर ७० च्या आसपास, आणि ते ओझं प्रत्येक चढाला ओढायचंय. फळ्या लांबीच्या दिशेने टाका, शेजारच्या रांगांचे जोड निदान एक फूट मागेपुढे ठेवा. खाली २ मिलिमीटरचा फोम पुरे. जाड गादी घातली तर खड्ड्यातून जाताना फळ्या दबतात आणि त्यांच्या कडांचे एकमेकांत अडकणारे लॉक तुटतात.

ओट्याखाली आणि मोरीच्या बाजूला मात्र लॅमिनेट नकोच. तिथे विनाइलचा एकसंध तुकडा टाका, कडेला सिलिकॉन भरा आणि दोन्हींच्या मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी प्लायला आवळा.

विनाइल उचललं की चाकाच्या कमानीजवळचा फोटो इथे टाका. प्लाय कुठपर्यंत कापायचा ते बघून सांगतो.