परभणीच्या थंडीत पहाटे कुत्र्याला फिरवायला नेताना काय घालावं?

तुमची मुंबईहून परभणीला बदली झाली, पहाटे साडेपाचला कुत्र्याला घेऊन निघता, जाड जाकीट घालूनही हातपाय गारठतात आणि परत येईपर्यंत मात्र आतून घाम फुटलेला असतो, असं तुम्ही लिहिलंय. आमची राणी लातूरकडून आणलेली कारवान कुत्री. तिला घेऊन माझे ९ हिवाळे इथल्याच रस्त्यांवर गेलेत, म्हणून लिहिते.

कपड्यांच्या आधी वेळेचं बघा. हिवाळ्यात आपल्याकडे आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर निवत जाते आणि पारा सगळ्यात खाली येतो तो सूर्य उगवायच्या सुमारास. जानेवारीत इथे सूर्य ७ च्या जरा आधी उगवतो. कृषी विद्यापीठातली नोंद कधी कधी ५-६ अंशांच्याही खाली जाते, आणि त्याच दिवशी दुपारी अंगावर स्वेटर नकोसा होतो. नोकरीमुळे जमत असेल तर साडेसातला निघा. जमत नसेल तर निदान ओढ्याकाठची वाट सोडा. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. दोनच मिनिटं वर चढून आलं तरी अंगाला फरक कळतो.

आता ते जाड जाकीट. घाम त्यानेच येतोय. त्याच्याऐवजी तीन पातळ कपडे घाला. आत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारं अडवणारं पातळ विंडचीटर. आत सुती बनियन नको. सूत घाम पिऊन ओलंच राहतं आणि कुत्रं कुठे हुंगत थांबलं की तेच पाठीला गार लागतं. लोकरीचं तसं नाही. धनगराची घोंगडी दहिवरात ओली झाली तरी ऊब धरते, ती लोकरीमुळेच. दारातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, तर कपडे बरोबर. सलवार घालत असाल तर आत लेगिंग घाला, घोळातून वारं शिरतं. पायात बूट आणि लोकरी मोजे हवेतच, चपलेवर जाऊ नका.

हातांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी चुकले होते. पहिल्या हिवाळ्यात विणलेले लोकरी हातमोजे घालायचे. एका पहाटे गल्लीतली तीन कुत्री अंगावर आली, राणीने हिसका दिला आणि नायलॉनचा पट्टा लोकरीवरून सरकन निसटला. ती थेट जिंतूर रोडकडे पळाली. सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून मोटारसायकलवाले घालतात तसे, तळव्याला रबरी ठिपके असलेले हातमोजे वापरते. पट्ट्याचा फास मनगटातून घ्या, बोटांना नुसता गुंडाळू नका. गारठलेल्या बोटांना पकड किती सैल झालीय ते कळत नाही.

डोक्याला कानटोपी घाला, पण पातळ. जाड माकडटोपी आणि वरून मफलर घेतला की मागचं काही ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही. हे दिवस ऊस गाळपाचे. धुई पडलेली असताना उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. सगळ्यात वरचा कपडा पांढरा किंवा पिवळा ठेवा, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं बिनबाह्यांचं जाकीट चढवा. कुत्र्याच्या गळपट्ट्यालाही तसली पट्टी शिवून घ्या.

कुत्र्याला स्वेटर घालायचा का, हेही तुम्ही विचारलंय. तुमचं कुत्रं कोणत्या जातीचं ते लिहिलं नाही. धडधाकट गावठी कुत्र्याला चालताना गरज नसते, त्याला रात्री निजायला कोरडं पोतं मिळालं की पुरे. पण कारवानसारख्या सडपातळ, तोकड्या केसांच्या कुत्र्याला, पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला घालाच. राणी पिल्लू असताना मी जुन्या स्वेटरची बाही कापून, पायांना दोन भोकं पाडून घातली होती. पोट झाकलं जाईल एवढी लांबी ठेवा. थरथर कापत असेल, पाय उचलून धरत असेल, तर तिथूनच मागे वळा.

हरभऱ्याच्या शेतातून जात असाल तर एक लक्षात ठेवा. पहाटे त्या पानांवर आंब असते, दहिवरात मिसळलेलं आंबट पाणी. कुत्र्याच्या भेगाळलेल्या पंजांना ते झोंबतं. घरी आल्यावर आधी त्याचे पाय आणि पोट कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरडं करा, ओला स्वेटर लगेच काढा. मग स्वतःचा आतला घामेजलेला कपडा बदला आणि त्यानंतर चहा ठेवा.