चाळीस तासांची सही

कॅनडातल्या मिसिसागाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा अकरावीत आहे. ओंटारिओत बारावीचं प्रमाणपत्र हातात पडायचं तर समाजसेवेचे 40 तास पूर्ण करावे लागतात. मुलाचे झालेत फक्त 6. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, "फॉर्म पाठवून द्या, उरलेल्या तासांवर मी सही करतो. सगळे असंच करतात." ताईंचे मिस्टर म्हणतात, "करून टाक, त्याला गणिताचा अभ्यास आहे." पालक म्हणून ताईंनाही त्याच फॉर्मवर सही करायची आहे, आणि त्यांचा हात अडला आहे. मुलगा म्हणाला, "आई, तू अजून साने गुरुजींच्या काळात राहतेस. हल्ली आदर्श वगैरे फक्त भाषणात असतात." ताई विचारतात, "तो चुकतोय असं मला छातीठोकपणे सांगता येईना. मी काय करू?"

ताई, आधी सरळ सांगते. ती सही घेऊ नका, आणि तुमचीही करू नका. अडलेला हात बरोबर आहे.

पण मुलाला झिडकारूही नका. तो जे म्हणतो ते त्याने हवेतून आणलेलं नाही. रोज मोबाइलवर तो मोठमोठी माणसं खोटं बोलताना बघतो आणि त्यांचं काही बिघडत नाही हेही बघतो. ते बाहेरचं झालं. आपल्या घरांचं काय? शिवजयंतीला मंडळात आपण त्याला फेटा बांधतो, पोवाडा म्हणायला लावतो. त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर आपल्या गप्पा काय असतात? वर्ल्डकपपुरता आणलेला टीव्ही कसा परत केला, चांगल्या शाळेसाठी मावशीचा पत्ता कसा दिला, सुताराला रोख पैसे देऊन टॅक्स कसा वाचवला. हे सांगताना आपला आवाज थोडा चढलेलाच असतो. पोरं पोवाडा विसरतात, ह्या गप्पा त्यांच्या लक्षात राहतात. मग 'सगळे एकाच माळेचे मणी' हा हिशेब ती आपली आपणच मांडतात. तो सोयीचाही असतो. सगळेच तसे म्हटलं की मग मी काय करायचं हा प्रश्नच उरत नाही.

ह्यावर जग चांगलं आहे असं पटवायला जाऊ नका. पटणार नाही, आणि ते पुरतं खरंही नाही. जग चांगलं नव्हतं तेव्हाही काही माणसं आपल्या म्हणण्याप्रमाणे जगली, हे त्याला दाखवा. आणि त्यांनी त्याची काय किंमत मोजली तेही सांगा. किंमत गाळून सांगितलेला थोर माणूस म्हणजे भिंतीवरचा फोटो. पोरांना तो खोटा वाटला तर त्यात त्यांचा दोष नाही.

तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय की तुमच्या आईंनी लग्नानंतर घर सांभाळत एसएनडीटीची बीए बाहेरून केली. ताई, गोष्ट तिथूनच सुरू करा. मुलाच्या आजीपासून.

1893 साली धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. पहिली पत्नी वारलेली. पस्तिशीतल्या विधुराला कुमारिका सहज मिळायची, रीतही तीच होती. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या एका विधवेशी लग्न केलं, गोदूबाईंशी. पुढे त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, सगळे त्यांना 'बाया' म्हणत. ह्या लग्नापायी कर्व्यांच्या मुरूड गावाने घराला वाळीत टाकण्याचा ठराव केला. ज्या गावासाठी त्यांनी निधी उभा केला होता तेच हे गाव. स्वतःच्या आईकडे जायची चोरी झाली. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1900 मध्ये तो हिंगण्याला एका झोपडीत गेला. कॉलेजचं शिकवणं आटोपलं की कर्वे पुण्याहून हिंगण्याला पायी जायचे आणि सकाळी परत. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे निव्वळ चिखल. 1916 मध्ये महिला विद्यापीठ निघालं, मातृभाषेतून शिकवणारं. 1920 साली ठाकरसींनी त्याला 15 लाखांची देणगी दिली आणि एसएनडीटी हे आजचं नाव मिळालं. ते चिखलातलं चालणं नसतं तर तुमच्या आईंच्या बीएचा कागद कुठून आला असता? मुलाला हा प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका.

दोन गोष्टी मात्र वगळू नका. एक, कर्व्यांचं सगळं आश्रमाला जायचं तेव्हा घरची ओढाताण आनंदीबाईंना सोसावी लागली, आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्रात ती लपवलेली नाही. दुसऱ्याच्या जिवावर कुणी आदर्श पाळत असेल तर ते बोलून दाखवायचा हक्क घरच्यांना आहे. दुसरी, कर्व्यांनी आश्रमाचं काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून मुद्दाम वेगळं ठेवलं, म्हणजे जुन्या वळणाच्या घरांतूनही मुली शिकायला येतील. सुधारकांपैकी काहींनी त्यांना त्याबद्दल नावं ठेवली. मला कर्व्यांचं बरोबर वाटतं. मार्गात त्यांनी तडजोड केली, पण मुलींना शिकवण्यात कधीच नाही. तुमच्या मुलाला हा फरक समजेल. सोळा वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्याहून जास्त समजतं.

माझंही एक सांगते, कारण तुमच्या पत्राने तेच आठवलं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, दापोली-मुरूड गाडीवर. (हो, कर्व्यांचंच मुरूड.) रात्री घरी आले की सतरंजीवर चिल्लरचे ढीग लावायचे, तिकिटांचा ट्रे बाजूला, वेबिल मांडीवर. नाण्यांनी बोटं काळी झालेली असायची. हिशेबात दोन रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातले घालायचे. एकदा माझा सख्खा मामा गाडीत चढला. वडिलांनी त्याचं तिकीट फाडलं. मामाला वाटलं भावोजी थट्टा करतायत, तो हसला. वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून पैसे काढले, चामड्याच्या पिशवीत टाकले आणि तिकीट त्याच्या हातात दिलं. अख्खी गाडी बघत होती. त्या वर्षी मामा गणपतीला आला नाही. आई दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "एवढं काय अडलं होतं?" ते म्हणाले, "पिशवी माझी नाही."

मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. मामा माझ्यासाठी खाजा आणायचा. तो राग कित्येक वर्षं गेला नाही, आणि वडिलांना त्या वागण्याचं कुठलं बक्षीसही मिळालं नाही. मग मी परदेशात आले. पहिली काही वर्षं घरून डबे करून विकायची. टॅक्सचा फॉर्म भरताना मैत्रीण म्हणाली, "रोखीचे कोण दाखवतं?" मी आकडा लिहिला. विचार असा केलाच नाही. हात तिथे गेला. कुणाचा हात होता ते मला फॉर्म पाकिटात घालताना कळलं.

आता तुमच्या घरातलं. मुलासमोर यजमानांशी वाद घालू नका, तो लगेच त्यांच्या बाजूला जाईल आणि तुम्ही दोघंही अडकाल. त्यांना एकटं गाठा आणि एवढंच विचारा: उद्या ह्याने कॉलेजात दुसऱ्याचा निबंध आपला म्हणून दिला तर आपण काय म्हणणार आहोत? ते वाईट नाहीत, त्यांना मुलाच्या मार्कांची काळजी आहे. ती काळजी खरी आहे, तिच्यावर उपायही काढा. त्या गृहस्थांना नकार देताना उपदेश नको. "त्याने स्वतःच करायचं ठरवलंय" असं कळवा, म्हणजे ओळखही राहील.

मुलाला मात्र स्पष्ट सांगा की मी सही करणार नाही, आणि का करणार नाही ते दोन वाक्यांत. तो चिडेल. दार आपटेल. चिडू द्या. काम निवडायला त्यालाच लावा: फूड बँक, वृद्धाश्रम, ग्रंथालय, मंडळाच्या मराठी शाळेतली लहान मुलं, काहीही. कुठले तास धरले जातात ते शाळेच्या काउन्सेलरला आधी विचारून घ्या. उरलेत 34. दर शनिवारी चार तास धरले तर नऊ शनिवार, आणि त्याच्या हातात अजून दीड वर्ष आहे. गणित त्यात सहज बसतं.

पहिल्या शनिवारी सोडायला तुम्ही जा. आणायला यजमानांना पाठवा. आणि त्यांना सांगून ठेवा की परतताना गाडीत काही विचारू नका, तो आपणहून बोलेल तेवढं ऐका.