दीपस्तंभ चालत नसतो

नवापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका छापायला जायची आहे. मुखपृष्ठावर 'ख्रिस्त आमचा दीपस्तंभ, त्याच्यामागे चालू या' ही ओळ ठरली होती. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, दीपस्तंभ हा देवळापुढच्या दीपमाळेचा शब्द. समुद्रावर असतं ते दीपगृह, तेव्हा तेच छापा. ताई विचारतात, बरोबर शब्द कोणता?

ताई, दोन्ही बरोबर. दीपगृह हा इंग्रजी लाइटहाऊसचा शब्दाला शब्द लावून केलेला अनुवाद. व्याकरणात चोख आहे, पण त्यात घर दिसतं, मनोरा दिसत नाही. दीपस्तंभ हा शब्द देवळापुढे वापरतात हे खरंच आहे; गोव्यात तर तो सर्रास त्याच अर्थाने चालतो. म्हणून तो देवळाच्या मालकीचा होत नाही. तुमच्याच मराठी बायबलात प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात 'सोन्याच्या सात समया' आहेत. समई म्हणजे आपल्या देवघरातलीच. आणि तो शब्द मुळात अरबी 'शमा'वरून, फारसीच्या वाटेने आलेला. अरबस्तानातून निघालेला शब्द आपल्या देवघरात बसला, तिथून बायबलात गेला, आणि कुठेही परका वाटला नाही. तेव्हा त्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा आणि दीपस्तंभच छापा.

चूक आहे ती ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात. 'त्याच्यामागे चालू या.' दीपस्तंभाच्या मागे चालायचं कसं? तो चालतो का? ही चूक तुमची एकट्याची नाही. धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुठल्याही चौकात उभं राहा, वाढदिवसाच्या फलकावर 'आमच्या कुटुंबाचा चालताबोलता दीपस्तंभ' वाचायला मिळतो. सेवानिवृत्तीच्या मानपत्रात 'या दीपस्तंभाच्या पावलावर पाऊल ठेवून' असतंच असतं. चालत्या जहाजाला दीपस्तंभाचा भरवसा वाटतो तो तो जागचा हलत नाही म्हणून. काल होता तिथे आज नसेल, तर तो दिवा नव्हे, चकवा.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येतो. दीप सोडून द्या, दीप् म्हणजे उजळणं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. स्तंभ घ्या. संस्कृत धातू स्तम्भ्. अर्थ रोवणं, अडवणं, जागच्या जागी खिळवणं. त्याचंच भूतकाळवाचक रूप स्तब्ध. मंत्रशास्त्रातलं स्तंभन तेच. प्राकृतात स्तंभाचा थंभ झाला, आणि थंभावरून मराठीत आलं क्रियापद: थांबणे. एसटीचा थांबा आणि समुद्रातला दीपस्तंभ एकाच पोटचे. पोर रस्त्यावर धावत सुटलं की आजी ओट्यावरून ओरडते, 'थांब रे भो!' त्या हाकेतला 'थांब' हाच तो स्तंभ.

म्हणजे दीपस्तंभ या शब्दाच्या पोटातच 'थांब' दडलेला आहे. खडकावरचा तो मनोरा रात्रभर एवढंच सांगत असतो: थांब, इकडे नको. तो जहाजाला बोलावत नाही. सरळ त्याच्याकडे निघालेलं जहाज खडकावर जाणार.

इथे कुणी म्हणेल, मग खांब? खांबही स्तंभावरूनच ना? बहुतेक जण तसंच लिहितात, आणि त्यांच्या पाठीशी थेट हेमचंद्र आहे. त्याच्या प्राकृत व्याकरणात स्तंभाची खंभ आणि थंभ अशी दोन्ही रूपं दिली आहेत. हेमचंद्र मोठा वैयाकरण, पण इथे त्याचं मला पटत नाही. 'स्त'चा 'थ' होतो हे हस्ताचा हात, मस्तकाचा माथा या वाटेने समजतं. 'स्त'चा 'ख' कसा व्हावा? वेदात स्कम्भ असा वेगळा शब्द आहे. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातलं अख्खं सातवं सूक्त त्याच्यावर आहे. तिथे स्कंभ म्हणजे सगळं जग तोलून धरणारा आधार. स्कंधाचा खांदा होतो, तसा स्कंभाचा खांब. पाणिनीने एकाच सूत्रात स्तम्भु आणि स्कम्भु हे धातू वेगवेगळे मोजले आहेत. राल्फ टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशातही खांब स्कंभाखालीच सापडतो. तरी आपले लोक खांब आणि थांब एकाच दावणीला बांधतात. आपल्या धाब्याच्या घरात फरक डोळ्यांपुढे असतो: मातीचं धाबं डोक्यावर तोलतो तो खांब. तोलतो तो स्कंभ, अडवतो तो स्तंभ. घरात खांब लागतो, खडकावर स्तंभ.

तापी आपल्या अंगणातून सुरतेकडे जाऊन समुद्राला मिळते, आपण मात्र समुद्र सुट्टीतच पाहतो. म्हणून दीपस्तंभ काम कसं करतो तेही सांगतो, त्याशिवाय शब्दाचा अर्थ पुरता उतरत नाही. मळ्यात टांगलेल्या कंदिलाचा उजेड चारी बाजूंना सांडतो. आभाळाला आणि मातीला त्याचा उपयोग काय? जुन्या दीपस्तंभांत तेच व्हायचं. फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेलने काचेच्या लोलकांची वर्तुळं दिव्याभोवती अशी रचली की वर-खाली वाया जाणारे किरणही वळून क्षितिजाच्या पट्टीत यावेत. १८२३ मध्ये जिरोंद नदीच्या मुखाशी कोर्दुआँच्या मनोऱ्यावर ते भिंग बसलं. पुढे अशी काही टन वजनाची भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवू लागले. बोटाने ढकललं तरी फिरत. फिरवायला घड्याळासारखी वजनं, आणि त्यांना चावी द्यायला रात्रभर जागा राहणारा माणूस.

मनोरा उंच का, तर पृथ्वी गोल म्हणून. दिव्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, २.०८ ने गुणा, सागरी मैल मिळतात. ४९ मीटरवरचा दिवा पाण्यालगतच्या डोळ्याला सुमारे साडेचौदा सागरी मैलांवरून, म्हणजे २७ किलोमीटरवरून दिसतो; डेकवर उभ्या माणसाला आणखी लांबून. दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, हे बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन इथे शब्दशः लागू पडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उघडझाप. थळसमोरच्या खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपस्तंभ आहे. तो असो की दुसरा कुठला, प्रत्येकाची लय वेगळी: किती चमका, किती सेकंदांनी. नाखवा ती लय मोजतो, यादीत पाहतो आणि ओळखतो की हा अमुक दिवा. दिवा फक्त स्वतःचं नाव सांगतो, 'मी इथे आहे.' आपण कुठे आहोत आणि कुठे वळायचं हे होकायंत्र आणि नकाशा घेऊन नाखव्याने ठरवायचं. म्हणून 'मार्गदर्शक दीपस्तंभ' हा जोड मला खटकतो. सुकाणू कायम नाखव्याच्याच हातात.

ख्रिस्ती प्रतीकाचं म्हणाल तर बायबलात दीपस्तंभ एकदाही येत नाही. येशूच्या काळी अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावर शंभर मीटरहून उंच दीपस्तंभ उभा होता. त्या बेटाच्या नावावरूनच इटालियन आणि स्पॅनिश 'फारो' आले. तरी शुभवर्तमानात त्याचा उल्लेख नाही. तिथे घरातला दिवा आहे, डोंगरावरचं नगर आहे, 'मी जगाचा प्रकाश आहे' आहे. पण प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय उघडा. प्रेषित पौल कैदी म्हणून अलेक्झांड्रियाच्याच तारवात. वादळाची चौदावी रात्र. खलाशी बुडीद, म्हणजे खोली मोजायची दोरी, टाकतात, वीस वाव पाणी; थोडं पुढे पंधरा वाव. खडकावर आदळू म्हणून वरामावरून, म्हणजे तारवाच्या मागच्या टोकावरून, चार नांगर टाकतात आणि दिवस उगवायची वाट पाहतात. त्या अंधारात 'थांब' म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी दोरीने पाणी मोजून थांबायचं ठरवलं. दीपस्तंभाची गरज काय असते हे याहून नेमकं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

माझ्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही आहे, तो लपवत नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या ख्रिस्ती शिलांवर दीपस्तंभाकडे येणारं जहाज कोरलेलं सापडतं. तिथे दीपस्तंभ 'ये' म्हणतो: आत्मा बंदराला लागला. प्राचीन दीपस्तंभ बहुतेक बंदराच्या तोंडाशी असत, त्यामुळे तो अर्थ रास्त आहे. पण तिथेही जहाज बंदरात शिरतं, दिव्यावर चढत नाही. आयर्लंडच्या हुक टोकावरचा मनोरा तेराव्या शतकातला. त्याचे पहिले राखणदार मठातले साधू होते. त्यांचं काम जहाजांच्या पुढे धावणं नव्हतं, आपल्या जागी विस्तव जागता ठेवणं होतं.

म्हणून ख्रिस्ताला दीपस्तंभ म्हणायचं तर 'थांब' या अर्थाने म्हणा. तो अर्थ तुमच्या धर्माला परका नाही. पश्चात्तापासाठी जुन्या करारात जो हिब्रू धातू येतो, शूव, त्याचा साधा अर्थ वळणं, मागे फिरणं. स्तंभ शब्दही तुमचाच आहे: तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीला 'सत्याचा स्तंभ व पाया' म्हटलं आहे.

आणि मागे चालण्यासाठीच स्तंभ हवा असेल, तर बायबलात तोही आहे, पण तो दीपस्तंभ नव्हे. निर्गम या पुस्तकातला अग्निस्तंभ रात्री इस्राएली लोकांच्या पुढे चालतो, वाट दाखवतो. तुमच्या ओळीला तो शोभेल: 'ख्रिस्त आमचा अग्निस्तंभ, त्याच्यामागे चालू या.' दीपस्तंभच ठेवायचा असेल, तर 'चालू या' काढा आणि 'त्याच्याकडे पाहून वळू या' छापा.

फक्त निर्गमाचा चौदावा अध्याय वाचून मग ठरवा. मिसरी, म्हणजे इजिप्तचं, सैन्य पाठलाग करत येतं तेव्हा पुढे चालणारा तो स्तंभ मागे जातो, दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहतो, आणि रात्रभर मिसऱ्यांना जवळ येऊ देत नाही.