आत्या, नारू आठवतो का?

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारातला हापसा चार वर्षांपासून बंद आहे. ग्रामपंचायत तो भंगारात काढायचं म्हणतेय. सासूबाई म्हणतात, "बरंच झालं. आमच्या काळी बारवेचं पाणी अमृतासारखं होतं. तुमच्या यंत्रांनीच भुईच्या पोटातलं पाणी संपवलं." मला उत्तर सुचलं नाही. माणसाच्या अकलेनं जगणं खरंच सुधारतं, की एक दुखणं जाऊन दुसरं येतं?
– एक शिक्षिका, अंबड तालुका

उत्तर : ताई, मी हापसे दुरुस्त करण्यात छत्तीस वर्षं घालवली, तेव्हा मी हापशाच्या बाजूनं बोलणार हे धरूनच वाचा. सासूबाईंशी वाद घालू नका. एवढंच विचारा, "आत्या, नारू आठवतो का?"

नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून पोटात जाऊन अंगात वाढणारा लांब जंत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या पोटरीतून तो निघाला, तोही ऐन मृगात. फोड फुटला आणि पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी डोकावलं. शेजारच्या म्हातारीनं ते काडीला गुंडाळलं. रोज बोटभर ओढायचं, जास्त नाही. तुटलं की पायाचा भोपळा होतो. तीन आठवडे वडील बाजेवर, बैल दावणीला, रान तसंच. आई म्हणायची, देवीचा कोप झाला.

कोप बारवेच्या पायऱ्यांवरून येत होता. आग होणारा पाय गार करायला माणूस पाण्यात उतरायचा. पाय बुडाला की नारू पिल्लं सोडायचा, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची आणि तेच पाणी आम्ही घागरीनं घरी आणायचो. वर्षभरानं पुन्हा कुणाचा तरी पाय. आडाचं तसं नव्हतं. पोहऱ्यानं शेंदायचं, आत कुणी उतरत नाही. म्हणून अमृत म्हणायचंच तर आडाच्या पाण्याला म्हणा.

नारूवर लस नव्हती, गोळी नव्हती, आजही नाही. पाणी फडक्यानं गाळा, नारू निघालेल्याला बारवेत उतरू देऊ नका, बारवेत औषध टाका, हापसा बसवा, एवढंच हातात होतं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता हापशाचं. सुरुवातीचे हापसे बिडाचे होते, परदेशात एका घरापुरते वापरायच्या पंपांची नक्कल. इथं त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं, मग ते टिकणार किती दिवस? साठच्या दशकात आपल्या जालन्यात बोअर पाडणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी त्याचं डोकं पोलादाचं केलं. सोलापुरातही तसंच काम झालं. त्यावरूनच सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला, तुमच्या शाळेतही बहुधा तोच असेल. त्याचं पेटंट कुणीच घेतलं नाही, म्हणून तो आफ्रिकेतही गावोगावी गेला. जालन्याचं नाव स्टीलसाठी घेतात, या हापशासाठी कुणी घेत नाही. ते मला खटकतं.

पण मार्क टूनं माझी कंबर मोडली, हेही लिहितो. खाली पाण्यात असलेल्या सिलिंडरमधलं वायसर, म्हणजे पाणी वर उचलणाऱ्या दट्ट्याची चकती, झिजलं की शंभर फूट पाईप वर काढायचा, दहा-दहा फुटांचे तुकडे, चौघं माणसं. एकदा पाईप धरून ठेवणारा शिकंजा सुटला आणि पाईपांची सगळी माळ बोअरमध्ये गेली. भोवती बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. एकही काही बोलली नाही, त्याचीच लाज जास्त वाटली. पुढं 'मार्क थ्री' आला. त्यात वरचा पाईप रुंद, त्यामुळं वायसर त्यातूनच वर काढता येतं, पाईप उपसावा लागत नाही. पाणी तेवढंच, फक्त दुरुस्ती दोघांत होऊ लागली. मला विचाराल तर खरी अक्कल ती.

सासूबाईंचं दुसरं म्हणणं मात्र खोटं नाही. भुईतलं पाणी खाली गेलंच. पण हापसा मिनिटाला बारा-पंधरा लिटर देतो आणि हापसणारा दमला की थांबतो. बोअरमध्ये सोडलेली विजेची मोटर, सबमर्सिबल, दमत नाही. आपल्याच भागातल्या मोसंबीच्या बागा २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून सरपणाला गेल्या, त्याआधी त्यांच्यासाठी किती खोल बोअर पडले ते सासूबाईंनीही पाहिलं असेल. माझ्या भावाच्या शेतातही तीन पडले, दोन कोरडे. त्याला अडवायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

तुमच्या हापशाकडं येतो. भंगारवाल्याला बोलावण्याआधी दांडा धरून बघा. पिसासारखा हलका लागला तर आतला रॉड निसटलाय. जड लागतो पण पाणी थोडंच येतं, तर वायसर. बराच वेळ हापसल्यावर मग पाणी येत असेल तर खालची झडप गळतेय, पाणी पाईपात टिकत नाही. ही सगळी दुखणी दुरुस्त होतात. पाणीच सिलिंडरच्या खाली गेलं असेल तर मात्र कुणाचा इलाज नाही, अशा वेळी खुशाल काढा. सकाळी, रात्रभर कुणी हात लावलेला नसताना, पोरांना मोजायला लावा, किती हापशांनंतर पाणी येतं. शंभरपर्यंत मोजा आणि आकडा मला कळवा.