साडेचार लाखांचं नंतर बघू, आधी तारीख बघा

प्रश्न : दापोलीजवळच्या एका प्रकल्पात 2021 मध्ये फ्लॅट घेतला. नोंदणीकृत करारात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023 आहे. काम स्लॅबवर येऊन थांबलंय. बिल्डर म्हणतो, स्टील, वाळू, मजुरी सगळं महागलं आणि निम्मे फ्लॅट विकलेच गेले नाहीत. म्हणून साडेचार लाख जादा द्या आणि सोबतच्या पुरवणी करारावर सही करा. रक्कम थोडी कमी करून घेता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कोकणात दुसरं घर घेतलेल्या बऱ्याच जणांची सध्या अशीच पत्रं येतात आणि सगळ्यांना घासाघीसच करायची असते. तुम्ही पाठवलेला पुरवणी करार मी वाचला. तुम्ही तो वाचलेला दिसत नाही. जादा रकमेच्या खालच्याच परिच्छेदात ताब्याची तारीख 30 जून 2027 केली आहे. बिल्डरला साडेचार लाखांपेक्षा ती ओळ जास्त हवी आहे.

रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्थावर संपदा कायदा. त्याच्या कलम 18 प्रमाणे करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर दोन वाटा असतात : प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत घ्यायची, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत व्याजदर) अधिक 2 टक्के. हा हक्क तुम्हाला 1 जानेवारी 2024 पासून आहे. नव्या तारखेवर सही केलीत, तर तो तेव्हापासून नव्हताच असं म्हणायची सोय तुम्हीच बिल्डरला करून द्याल.

महारेराच्या, म्हणजे राज्यात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाला मुदतवाढ दिसते म्हणून घाबरू नका. ती बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातली बाब. तिने तुमच्या करारातली तारीख बदलत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात डिसेंबर 2017 मध्येच सांगितलंय. त्या मुदतवाढीसाठीही कलम 6 मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशी कारणं आहेत; महागाई आणि मंदी नाहीत. कुणी निसर्ग वादळाचं नाव काढलं, तर ते 3 जून 2020 चं आहे, तुमच्या कराराच्या आधीचं. फ्लॅट खपले नाहीत हा धंद्यातला धोका आहे. खपले असते, तर नफ्यात तुमचा वाटा नव्हता.

साडेचार लाखांबद्दल : रेराच्या नमुना करारात किंमत वाढणार नाही असंच म्हटलंय, अपवाद सरकारी शुल्क-आकार वाढल्याचा. तुमच्या करारातलं ते कलम नमुन्याप्रमाणेच आहे का, हे तुम्ही ते पान पाठवल्याशिवाय मी सांगणार नाही. ब्रोशरचे इतके फोटो पाठवलेत, हे एक पान पाठवायला काय हरकत होती? आणि महागाईचं रडगाणं गाणाऱ्याला एवढं विचारा की 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ते पत्रात का नाही?

आता सही करू नका. पुरवणी करार अमान्य आहे आणि मूळ तारखेवरचे हक्क राखून ठेवतो, एवढंच लिहून ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा. मात्र कामाच्या टप्प्याप्रमाणे देय झालेला हप्ता परस्पर अडवू नका. हप्ते वेळेवर देणं ही कलम 19 नुसार तुमची जबाबदारी आहे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं ‘थोडा उशीर चालेल’ बिल्डर वापरायचा प्रयत्न करील. ते कितपत टिकेल, हे त्याच्या आधी-नंतरचे संदेश पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पुढचं सगळं लेखी ठेवा.

बाहेर पडायचं की थांबायचं, हे तुमच्या कर्जावर आणि बिल्डरच्या खिशावर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रकरणात 11 नोव्हेंबर 2021 रोजी परताव्याचा हक्क बिनशर्त ठरवलाय. पण आदेश मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते आणि तिथे फाईल कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको. ज्याचे निम्मे फ्लॅट पडून आहेत, त्याच्याकडून रोख निघायला वेळ लागेल. काम खरंच पुन्हा सुरू होणार असेल, तर फ्लॅट ठेवून व्याज मागणं कदाचित बरं. तक्रार मात्र या महिन्यातच दाखल करा. शुल्क 5,000 रुपये आहे. दोन वर्षं नुसते फोन करण्यात घालवलीत.