मुलीच्या न्यूरोसायन्ससाठी मानेवाड्याचं घर गहाण ठेवू का?

ताई, तुम्ही लिहिलं ते थोडक्यात सांगतो. वय 54, झेडपीच्या शाळेत शिक्षिका, नागपुरातलं मानेवाड्याचं घर तुमच्या एकटीच्या नावावर, 6 लाखांची एफडी. मुलगी एमएस्सी झूलॉजी झालीय, तिला यूकेत एक वर्षाचं न्यूरोसायन्सचं, म्हणजे मेंदूच्या विज्ञानाचं, मास्टर्स करायचंय, सगळं मिळून 38 लाख, बँक घर तारण ठेवून साडेदहा टक्क्यांनी लोन देऊन राहिली.

माझं स्पष्ट मत, हे लोन घेऊ नका. पोरीचं स्वप्न चूक आहे म्हणून नाही, तर या फील्डमधे रिसर्च शिकायचे पैसे आपण द्यायचे नसतात, ते आपल्याला मिळतात म्हणून.

आधी हिशोब बघा. कोर्सचं वर्ष आणि पुढचे सहा महिने ईएमआय नाही, पण व्याजाचं मीटर चालूच, म्हणजे 5-6 लाख तिथेच चढले, मग दहा वर्षं महिन्याला 58-59 हजार. तुम्ही 58 व्या वर्षी रिटायर, म्हणजे पगारातून जेमतेम अडीच वर्षं हप्ते जातील आणि पुढची साडेसात वर्षं पेन्शनवर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समधे सूट आहे, पण ती जुन्या टॅक्स रेजीममधेच. आणि मास्टर्स झाल्यावर तिला पीएचडी करायचीच आहे ना? इथे केली तर जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000, नंतर 42,000, वर घरभाडं. त्यातून 58 हजारांचा हप्ता कसा निघेल, सांगा. तिथेच नोकरी शोधते म्हणाल तर 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना शिक्षणानंतरचा व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच.

तिच्याकडे एमएस्सी आहे. मानेसरचं एनबीआरसी, बंगळुरूचं निम्हान्स, आयआयएस्सी, एनसीबीएस, या मेंदूवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थांत ती आत्ताच पीएचडीला अप्लाय करू शकते. सीएसआयआर नेट, गेट, आणि टीआयएफआर-एनसीबीएससाठी जेजीईईबीआयएलएस, या फेलोशिपच्या आणि प्रवेशाच्या परीक्षांचा नीट अभ्यास करायला एक वर्ष द्या तिला. अमेरिकेत जायचंच असेल तर तिथल्या बहुतेक न्यूरोसायन्स पीएचडीत फी माफ असते, वर स्टायपेंड, आणि पहिल्या वर्षी दोन-तीन लॅब फिरून मग गाईड निवडतात. वेगळं मास्टर्स लागत नाही, लागतो तो लॅबचा अनुभव आणि गाईडचं मनापासून लिहिलेलं शिफारसपत्र. तो अनुभव घ्यायला लंडनला कशाला जायचं, आपल्या नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसवर फार्मसी विभागात मेंदूवरच्या औषधांचं संशोधन चालतं, तिथे जाऊन प्रोजेक्टवर जागा आहे का विचारू दे, पगार कमी असला तरी चालेल.

म्हणून एफडीतले 2 लाख या वर्षासाठी बाजूला काढा, फॉर्म फी, मुलाखतीचा प्रवास, पुस्तकं. अजून 1 लाख वेगळा ठेवा कारण फेलोशिप कधीकधी महिनोन्‌महिने उशिरा येते आणि पोरगी परगावी असते. उरलेल्या 3 लाखांना हात लावू नका, ते तुमचे.

माझं मत एकाच गोष्टीने बदलेल, फी आणि राहणं दोन्ही भरणारी स्कॉलरशिप मिळाली तर. अनुसूचित जातीत असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्याच्या अटी आधी तपासा. यूकेची सीट पक्की करायला डिपॉझिट मागितलं असेल तर अजून भरू नका, आधी पोरीला घेऊन या ऑफिसला, तिच्यासमोरच हे आकडे मांडू.