'पेशीची आत्महत्या' की 'पेशीगळ'?

प्रश्न : अपॉप्टोसिसला मराठीत 'पेशीची आत्महत्या' म्हणावे की 'नियोजित पेशीमृत्यू'?

अपॉप्टोसिस म्हणजे पेशीचे ठरलेल्या रीतीने, शिस्तीत मरणे. त्याला दोन्ही शब्द नेमके बसत नाहीत. आत्महत्येत ठरवणारा आणि मरणारा एकच. इथे हुकूम पुष्कळदा बाहेरून येतो. रोगप्रतिकार यंत्रणेतली मारक टी-पेशी आपल्या अंगावरचे फास-लायगँड हे प्रथिन समोरच्या पेशीच्या फास ग्राहीला (संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) लावते. आत कॅस्पेज-८ हे प्रथिने कापणारे विकर जागे होते, ते कॅस्पेज-३ला उठवते आणि तोडफोड सुरू होते. डीएनए फारच बिघडला, तर मात्र हुकूम आतून निघतो : तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रियातून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते, एपॅफ-१ या दुसऱ्या प्रथिनाशी जुळून सात आऱ्यांचे चाक बनते, त्यावर कॅस्पेज-९ कामाला लागते. या वाटेला आत्महत्या म्हणणे एक वेळ चालेल, पहिलीला नाही.

'नियोजित' हा शब्द अतिव्याप्त आहे. नेक्रॉप्टोसिस हा पेशीमृत्यूचा दुसरा प्रकारही ठरलेल्या प्रथिनांकरवीच घडतो, पण त्यात पेशी फुगून फुटते, आतला ऐवज सांडतो आणि दाह होतो. अपॉप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते, तिचे पटलात गुंडाळलेले तुकडे पडतात आणि भक्षकपेशी ते गिळून टाकतात. सहसा दाह होत नाही. हा फरक शब्दात उतरला नाही, तर भाषांतर वाचणारा दोन्हींची गल्लत करणारच.

मूळ शब्दाकडे पाहू. १९७२मध्ये केर, वायली आणि करी या संशोधकांनी 'अपॉप्टोसिस' रूढ केला; सुचवला होता ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. अर्थ : पाने, पाकळ्या गळणे. मराठीत पानगळ, फुलगळ, कपाशीची पातेगळ आहेच, मग 'पेशीगळ' का नको? आक्षेप एकच : शेतकऱ्याच्या तोंडी फुलगळ म्हणजे नुकसान. पण पानगळ म्हणजे रोग नव्हे, आणि इथे तोच अर्थ हवा. सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या उभयलिंगी प्रकारात वाढीदरम्यान १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी गळतात. माझे मत 'पेशीगळ'ला. पहिल्या उल्लेखात शेजारी 'अपॉप्टोसिस' लिहावे.

याच ओघात 'डेथ सिग्नल'साठी दिसणारा 'मृत्युसंदेश' मात्र टाळा. टीएनएफ हा पेशींना संकेत देणारा एकच रेणू घ्या. एरवी तो एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाच्या मार्गाने पेशीला जगवणारी प्रथिने बनवायला लावतो. ती वाट अडली तर कॅस्पेज-८मार्फत पेशीगळ. कॅस्पेज-८ही अडले तर नेक्रॉप्टोसिस. मरण त्या रेणूत लिहिलेले नसते, पेशीची आतली स्थिती ते ठरवते. म्हणून 'संकेत' बरा. 'सिग्नलिंग'साठीचे 'संदेशवहन'ही थोडे फसवे, कारण टीएनएफ बाहेरच ग्राहीला चिकटतो, तोच चिठ्ठी घेऊन आत धावत नाही. एक प्रथिन दुसऱ्याला खो देते, इतकेच.

उच्चाराचे म्हणाल, तर मूळ लेखकांनी दुसरा 'प' मुका ठेवायला सुचवले होते : अपोटोसिस. पापणी खाली पडण्याला डॉक्टर 'टोसिस' म्हणतात, तोच हा शब्द. आपल्याकडे 'प'सकट रुळला आहे, राहू द्या.